बोट दाखवण्याआधी नाव घ्या: डॉग बोर्डिंग सुरू करणाऱ्यांसाठी

डॉग बोर्डिंग किंवा ग्रूमिंग सुरू करायचंय म्हणणारे बहुतेक जण आधी पिंजरे आणि ड्रायरचा खर्च विचारतात. पण ग्राहक बघतो एकच गोष्ट: आपला कुत्रा यांचं ऐकतो का? म्हणून आज समजून घेऊ, माणसाचा इशारा कुत्र्याला कळतो कसा.

2002 मध्ये ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोनपैकी एका भांड्याखाली खाऊ लपवायचा आणि बोटाने किंवा नजरेने खुणावायचं. कुत्र्यांनी चिंपांझी आणि लांडगे दोघांनाही मागे टाकलं. माणसांत फारशी न वाढलेली पिल्लंसुद्धा यात हुशार निघाली. म्हणजे हा गुण फक्त ट्रेनिंगमुळे येत नाही.

2012 मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. माणसाने आधी कुत्र्याकडे बघून प्रेमाने हाक मारली, तरच कुत्रा त्याच्या नजरेचा माग घ्यायचा. थोडक्यात, ‘हे माझ्यासाठी आहे’ हे त्याला आधी कळावं लागतं.

आणि आपले रस्त्यावरचे कुत्रे? कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी 160 भटक्या कुत्र्यांवर प्रयोग केला. निम्मे जवळच आले नाहीत. जे आले, त्यातले सुमारे 80 टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडे गेले. खूण कळायला भीती जावी लागते.

आता हे धंद्यात कसं वापरायचं?

1. आधी नाव, मग खूण. लक्ष नसताना दहा वेळा हात हलवून उपयोग नाही.

2. एका कामाला एकच खूण. तुम्ही हात खाली करून ‘बस’ म्हणता आणि मदतनीस बोट वर करून ‘सिट’ म्हणतो, मग कुत्र्याने कोणाचं ऐकायचं? खुणांचा तक्ता भिंतीवर लावा.

3. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा: घरी कुत्र्याला काय म्हणून हाक मारता, कोणत्या खुणा करता?

4. नवीन किंवा घाबरलेल्या कुत्र्याकडे डोळे रोखून बघू नका, वरून हात नेऊ नका. बाजूला बसा, त्याला येऊ द्या. इथे घाई केली तर चावा बसतो, आणि एका चाव्याची बातमी सगळ्या सोसायटीत फिरते.

यातल्या एकाही गोष्टीला भांडवल लागत नाही. दुकानाचा गाळा बघण्याआधी तुमचा फॉर्म तयार करा!