फेसलिफ्ट करायचंय? आधी खर्रा सोडा!

शेलूबाजारच्या मंडळींनो, समृद्धी महामार्गामुळे नागपूर आता जवळ आलंय. तिथल्या मेडिकल कॉलेजात 1958 साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला, याचा मला फार अभिमान वाटतो.

फेसलिफ्टमध्ये कानाच्या पुढून-मागून छेद घेतात, कातडीखालचा सैल पडलेला थर ताणून बसवतात आणि जादा कातडी काढतात. सूज नि काळेनिळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसतो. घाबरू नका, दोन आठवड्यांत बराच ओसरतो. टाके साधारण आठवडाभरात निघू लागतात. गालांचा, कानांजवळचा बधिरपणा मात्र कित्येक आठवडे राहतो. झोपताना डोकं उंच ठेवा, विदर्भातलं ऊन टाळा.

पहिल्या दिवशी एकाच बाजूला अचानक सूज आणि ठणका वाढला, तर आत रक्त साचलं असू शकतं. लगेच डॉक्टरांना गाठा, सकाळची वाट पाहू नका.

आणि खर्रा, बिडी, तंबाखू किमान महिनाभर आधी बंद! निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. बीपीच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. सर्जन प्लास्टिक सर्जरीतला एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे का, हे आधी विचारा.