आत्यावर गेलेले डोळे

भीमेच्या पट्ट्यातल्या मांडवगण फराट्याला चहूबाजूंनी ऊस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. वजन, उंची, दंडाचा घेर भराभर उरकतं. डॉक्टरबाई रेंगाळतात त्या एका चार महिन्यांच्या बाळापाशी.

"आत्यावर गेलंय पोरगं. तिचेबी डोळे असेच तिरके," आजी आधीच सांगून टाकते.

असूही शकतं. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा किंचित वर असणं हे बहुतेकांचं असतंच. काही घराण्यांत, काही समाजांत तो जास्त वर असतो. नुसता तिरकेपणा म्हणजे आजार नव्हे. म्हणून डॉक्टरबाई आधी आईचे डोळे न्याहाळतात, मग बाळाचे. मूठ हळूच उघडतात. तळव्यावर एकच आडवी रेघ. पायाच्या अंगठ्याशेजारी रुंद फट. काखेत धरून उचललं, तर बाळ हातातून सुळकन खाली घसरतं. मानही अजून धरलेली नाही.

या खुणा एकत्र आल्या की संशय डाउन सिंड्रोमचा. जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ साली अशा मुलांचं वर्णन केलं. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे मात्र १९५९ मध्ये कळलं. डोळ्यांचे बाहेरचे कोपरे खाली झुकलेले असते, तर शोध दुसरीकडे वळला असता. ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये गालाची हाडं नि कान नीट घडत नाहीत, ऐकू कमी येतं. नूनन सिंड्रोममध्ये हृदयाची झडप अरुंद असू शकते.

"मी ग्रहण पाळलं नव्हतं," आई पुटपुटते.

"त्याचा काही संबंध नाही. तुझी काही चूक नाही, बाळा," डॉक्टरबाई म्हणतात आणि स्टेथोस्कोप लावतात. डाउनच्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. निम्म्या! चेहरा बघून हळहळणाऱ्यांना हा आकडा कुणी सांगत नाही. मोठं छिद्र वेळेत बुजवलं नाही, तर फुप्फुसातला दाब वाढत जातो आणि पुढे शस्त्रक्रियाच करता येत नाही.

गुणसूत्रांच्या तपासणीला वेळ लागतो. इकोनं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनं, मात्र हृदय त्याच दिवशी दिसतं. "ऊस गेला की नेतो पुण्याला," वडील म्हणतात.

"निम्म्या मुलांना असतं, दादा. याच आठवड्यात न्या."

सेविकाताई चिठ्ठी लिहून घेतात आणि गुरुवारी आपणही सोबत येऊ, असं आईला सांगतात.