विश्लेषण : नव्या घराची पाच वर्षांची हमी नेमकी कधी संपते? त्याआधी घर तपासून का घ्यावे?

हिंगोली जिल्ह्याला २१ मार्च २०२४ रोजी पहाटे भूकंपाचे दोन धक्के बसले. सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ आणि त्यानंतर अकरा मिनिटांनी ३.६ रिश्टर स्केलचा. चार महिन्यांत, १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवला. त्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात होता. असा धक्का बसला की लोक आधी घराबाहेर येतात आणि परत आत गेल्यावर भिंती निरखून पाहतात. घर नवे असेल आणि भेग दिसली, तर प्रश्न पडतो : ही भेग आजची की आधीपासूनची? भूकंपाची की कच्च्या बांधकामाची? दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हे या उत्तरावर ठरते. हे उत्तर हाताशी हवे असेल, तर कायद्याने दिलेली हमीची मुदत संपण्याआधी घराची तपासणी करून घेणे गरजेचे आहे.

कायदा नेमका काय सांगतो?

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम २०१६, म्हणजेच रेरा कायद्याच्या कलम १४ (३) मध्ये ही हमी आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यात दोष आढळला, किंवा कामाचा दर्जा, कारागिरी, पुरवलेल्या सुविधा यांत उणीव निघाली आणि ती विकासकाच्या निदर्शनास आणून दिली, तर विकासकाने ३० दिवसांत स्वखर्चाने ती दूर करायची आहे. त्याने तसे केले नाही, तर ग्राहक भरपाईला पात्र ठरतो. सरकारी भाषेत याला ‘दोष दायित्व कालावधी’ म्हणतात.

म्हणजे हमी फक्त स्लॅब आणि कॉलमपुरती नाही. गळणारी गच्ची, पोकळ बसवलेल्या फरश्या, उलट्या उताराचे न्हाणीघर, सदोष वायरिंग हेही त्यात येऊ शकते. महारेराने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की, विक्री करारातील ज्या तरतुदी विकासकाला बदलता येणार नाहीत, त्यांत दोष दायित्वाची तरतूदही आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे एकच वर्षाची गॅरंटी असते’ हे उत्तर नोंदणीकृत प्रकल्पात चालत नाही.

पाच वर्षे कधीपासून मोजायची?

ताबा दिल्याच्या तारखेपासून. बुकिंग, खरेदीखताची नोंदणी किंवा वास्तुशांत यांच्या तारखा इथे लागू होत नाहीत. म्हणून ताबापत्र जपून ठेवावे. मूळ मालकाकडून मध्येच फ्लॅट विकत घेतला असेल, तर मुदत नव्याने सुरू होत नाही. उरलेलीच मुदत नव्या मालकाला मिळते.

यात अनेकांची एक गफलत होते. गळती पावसाळ्यातच दिसते, पण मुदत पावसाळा पाहून संपत नाही. समजा, २०२२ च्या अक्षय तृतीयेला, म्हणजे ३ मे रोजी ताबा मिळाला. पाच वर्षे २०२७ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, पावसाआधीच संपतात. अशा घरासाठी २०२६ चा पावसाळा हा मुदतीतला शेवटचा पावसाळा ठरतो. त्या वर्षी ओल टिपली नाही, तर पुढच्या जूनमध्ये गळणाऱ्या स्लॅबसाठी या हमीवर बोट ठेवता येणार नाही.

ताबा २०२२ च्या दसऱ्याला, ५ ऑक्टोबरला मिळाला असेल तर पाचवा पावसाळा आणि मुदत जवळपास एकाच वेळी संपतात. तिथे पाऊस थांबण्याची वाट न पाहता जुलै-ऑगस्टमध्येच लेखी तक्रार द्यावी लागेल. सोपा नियम असा : चौथ्या वर्षीचा पावसाळा ओसरताच पहिली सविस्तर तपासणी आणि मुदतीच्या किमान सहा महिने आधी लेखी यादी विकासकाच्या हातात.

हिंगोलीत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा का?

पहिले कारण पायाखाली आहे. जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा दिसतात, तीच हालचाल घराच्या पायाखालीही होत असते. अशा मातीत ओलाव्याचा बदल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवतो, असे अभियांत्रिकीत धरले जाते. म्हणून पाया कठीण मुरमापर्यंत नेणे, काळी माती काढून मुरूम भरणे किंवा तळाशी फुगीर असलेल्या खास पाइल वापरणे असे उपाय केले जातात. खोदाईचा खर्च वाचवण्यासाठी हे टाळले, तर पहिली एक-दोन वर्षे काही कळत नाही. नंतर एखादा कोपरा बसतो आणि भिंतीला तिरकी भेग जाते.

दुसरे कारण भूकंप. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरातील गावांना जमिनीतून येणारे गूढ आवाज आणि हलके धक्के अनेक वर्षांपासून परिचित आहेत. शिवाय किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात असा धक्का कोणी सहज घेत नाही. हलक्या धक्क्याने चांगले बांधलेले घर पडत नाही, पण आधीच कच्चे राहिलेले सांधे मात्र उघडे पडू शकतात.

कोणती भेग साधी, कोणती धोक्याची?

प्लास्टरवर जाळीसारख्या, केसाएवढ्या बारीक भेगा असतील तर बहुधा प्लास्टर लवकर वाळले किंवा त्यावर पुरेसे पाणी मारले गेले नाही. त्या दिसायला वाईट, पण सहसा घातक नसतात. वीटकाम आणि कॉलम जिथे भेटतात तिथली सरळ उभी भेग बहुतेकदा दोन वेगळ्या साहित्यांच्या सांध्याची असते. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगत जाणारी आडवी भेग उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याने येऊ शकते. या तिन्हींची नोंद करावी, पण घाबरण्याचे कारण नाही.

खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी चढणारी आणि एका टोकाला रुंद होत जाणारी भेग मात्र पाया बसल्याची खूण असू शकते. कॉलम किंवा बीमवर सळईच्या रेषेत जाणारी, तांबूस डाग सोडणारी भेग म्हणजे आतले लोखंड गंजत असल्याचा इशारा. आरसीसी भागांवरील भेगेसाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात सर्वसाधारण मर्यादा ०.३ मिलिमीटर आहे. साधे व्हिजिटिंग कार्ड साधारण तेवढ्या जाडीचे असते. ते भेगेत सहज आत गेले, तर अभियंत्याला बोलवायची वेळ झाली.

भेग वाढते आहे का, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहायची, मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा. मेमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये तोच फोटो त्याच अंतरावरून घ्यायचा. काळ्या मातीवरील घराची हालचाल या दोन महिन्यांच्या तुलनेतच चांगली कळते.

तपासणीत काय काय पाहायला हवे?

गच्ची : उतार पाण्याच्या पाइपाकडे आहे का, पाऊस थांबल्यावर पाणी कुठे साचते, कठड्याच्या बुडाशी भेगा आहेत का. शंका असल्यास तोंडे बंद करून एक-दोन दिवस पाणी साठवून खालच्या छतावर ओल येते का पाहावे.

न्हाणीघर व स्वयंपाकघर : न्हाणी ट्रॅपकडे पाणी वाहते का, शेजारच्या खोलीच्या भिंतीला बुडाशी पोपडे सुटले आहेत का.

फरशी व टाइल्स : नाण्याने हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही.

वीज : मीटरजवळच्या गळती-संरक्षक स्विचवरील ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर पुरवठा लगेच तुटायला हवा. अर्थिंगची तपासणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी.

जोते व परिसर : घराभोवतीची फरसबंदी भिंतीपासून सुटली आहे का, छताचे पाणी थेट पायाजवळ पडते का. काळ्या मातीत हे एकच कारण पाया हलवायला पुरते.

सामाईक भाग : जिना, पार्किंगमधील कॉलम, पाण्याच्या टाक्या, लिफ्ट. फ्लॅटधारक स्वतःचे घर तपासतात आणि हे विसरतात. त्यासाठी सोसायटीने एकत्र तपासणी करून घेतल्यास खर्चही वाटला जातो.

तपासणी कोणाकडून करून घ्यावी?

साध्या दोषांची यादी कोणताही अनुभवी स्थापत्य अभियंता करून देऊ शकतो. कॉलम, बीम, स्लॅब किंवा पाया यांबाबत शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरच हवा. काँक्रीट न फोडता करायच्या दोन चाचण्या नेहमीच्या आहेत : हातोडीसारख्या उपकरणाने पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणे आणि काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून आतील पोकळी शोधणे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागांकडे अशा चाचण्यांबाबत चौकशी करता येते. हिंगोलीकरांना जवळची म्हणजे नांदेडची श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था. तपासणारा अभियंता विकासकाच्या कामावर असलेला नसावा आणि अहवालावर त्याची सही, नोंदणी क्रमांक व तारीख असावी.

दोष आढळल्यास पुढे काय?

फोनवर सांगणे किंवा साइटवर मुकादमाला दाखवणे पुरेसे नाही. कायद्यात शब्द आहे ‘निदर्शनास आणून देणे’, आणि ते सिद्ध करता आले पाहिजे. दोषांची क्रमवार यादी, फोटो, अभियंत्याचा अहवाल आणि ताबापत्राची प्रत जोडून पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र पाठवावे, त्याची प्रत ईमेलने द्यावी. पत्रात कलम १४ (३) आणि ३० दिवसांचा स्पष्ट उल्लेख करावा, संयुक्त पाहणीची मागणी करावी. पाहणी झाली की तिथेच दोन्ही बाजूंच्या सह्यांचा कागद करावा.

तोवर स्वतः दुरुस्ती केली तर पुरावाच नाहीसा होतो. दुरुस्ती तातडीची असेल, तर आधी फोटो, व्हिडीओ आणि पत्र, मग काम. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी पाच हजार रुपये शुल्क आहे.

‘हे भूकंपाने झाले’ असे विकासक म्हणाला तर?

अनेक करारांत नैसर्गिक कारणे, नेहमीची झीज आणि ग्राहकाने केलेले फेरफार हमीबाहेर ठेवलेले असतात. म्हणूनच धक्का बसण्याआधीच्या तारखेचे फोटो आणि अहवाल महत्त्वाचे ठरतात. मार्चमध्ये नोंदवलेली भेग जुलैच्या भूकंपाच्या माथी मारता येत नाही. शिवाय वारंवार येणारे सौम्य धक्के इमारतीने हानीशिवाय सोसावेत, हे भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकामागचे तत्त्वच आहे. त्यामुळे केवळ ‘भूकंप’ म्हणून जबाबदारी झटकली, तर अभियंत्याच्या मताने तिला आव्हान देता येते.

याउलट, भिंत पाडून हॉल मोठा करणे, न्हाणीघराची फरशी व पाइप बदलणे, गच्चीवर जादा टाकी किंवा शेड चढवणे हे विकासकाच्या लेखी संमतीशिवाय केले असेल, तर त्या भागाच्या हमीवर पाणी सोडावे लागू शकते.

महारेराबाहेरच्या घरांचे काय?

हिंगोली, वसमत, कळमनुरीसारख्या गावांत हाच प्रश्न मोठा आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सर्व टप्पे मिळून सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणीची सक्ती नाही. अनेक छोट्या इमारती आणि प्लॉट घेऊन ठेकेदाराकडून बांधलेली घरे याच गटात येतात.

फ्लॅट असेल तर १९६३ चा महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा, म्हणजे मोफा, आधाराला येतो. त्यात दोष निदर्शनास आणण्याची मुदत ताब्यापासून तीन वर्षे आहे. अशा इमारतीत पाच वर्षांच्या हिशोबाने थांबणारा ग्राहक दोन वर्षे उशिरा जागा होतो.

स्वतःच्या प्लॉटवरील घरासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. त्यात घरबांधणी ही ‘सेवा’ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनऊ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणातच हे मान्य केले होते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे कमाल एक हजार रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते. रेरा लागू असलेल्या ग्राहकालाही आयोगाचा मार्ग खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात स्पष्ट केले.

पण ठेकेदाराशी लेखी करारच नसेल, तर या सगळ्याला बळ उरत नाही. सरकारी कामांत ठेकेदाराची सुरक्षा ठेव दोष दायित्व कालावधीपर्यंत राखून ठेवली जाते. घर बांधणाऱ्यानेही तेच करावे : साध्या स्टॅम्प पेपरवर करार, पायाची खोली व सळईचा तपशील, दोषदुरुस्तीची मुदत आणि शेवटच्या बिलातील ठराविक रक्कम किमान एक पावसाळा पार पडेपर्यंत हातात. पाया आणि सळईचे फोटो काँक्रीट पडण्याआधीच काढावे लागतात. नंतर ते कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

सुरुवात कुठून करायची?

ताबापत्र काढून त्यावरील तारीख पाहावी. त्यात पाच वर्षे, किंवा घर मोफाच्या कक्षेत असेल तर तीन वर्षे मिळवावीत आणि त्याआधीचा शेवटचा पावसाळा कोणता हे ठरवावे. त्या पावसाळ्यातील एखादा रविवार मोबाइल, मोजपट्टी, पेन्सिल आणि एक नाणे घेऊन घरात फिरण्यासाठी राखून ठेवावा. त्या दिवशीच्या नोंदी पाहिल्या, की अभियंत्याला बोलवायचे का हे ठरवता येते.