हृदयावरील भुंगेरा

शेणाची गोळी मागील पायांनी ढकलीत नेणाऱ्या शेणकिड्याची सहसा कोणी दखल घेत नाही. परंतु नाईल नदीच्या काठी दोन हजारांहून अधिक वर्षे याच क्षुद्र जीवाच्या कोरीव प्रतिमा लोकांनी गळ्यात, बोटात आणि अखेरीस मृताच्या छातीवरही धारण केल्या. असे का व्हावे?

याचे उत्तर त्या गोळीत आहे. मादी जमिनीखाली पुरलेल्या शेणाच्या गोळ्यात अंडे घालते आणि यथाकाल त्यातून नवा किडा बाहेर पडतो. अंडे दृष्टीस पडत नसल्याने हा जीव मातापित्यांवाचून आपला आपणच जन्मतो, अशी प्राचीन मिसरी लोकांची समजूत झाली. क्षितिजावर येणारे सूर्यबिंबही त्यांना असेच कोणी ढकलीत आणलेले वाटले. म्हणून प्रातःकाळच्या सूर्यदेवाला, खेप्रीला, त्यांनी भुंगेऱ्याचे रूप दिले. त्यांच्या चित्रलिपीत ‘अस्तित्वात येणे’ हे क्रियापदही याच किड्याच्या चित्राने लिहीत.

हे ताईत बहुधा मऊ संगजिऱ्याचे कोरून त्यांवर निळी-हिरवी झिलई चढवीत. पाठ किड्यासारखी, तर तळ सपाट. तळावर नाव किंवा देवतांची चिन्हे कोरलेली असल्याने ताईत मुद्रेचेही काम करी. इ. स. पूर्व १४व्या शतकात तिसऱ्या आमेनहोतेप राजाने तर मोठ्या भुंगेऱ्यांवर आपला पराक्रम कोरविला. पहिल्या १० वर्षांत आपण १०२ सिंह मारले, असे त्यांवर नमूद आहे.

मृतासाठी मात्र निराळा भुंगेरा असे. प्रेत टिकविताना मेंदू काढून टाकीत, पण हृदय देहातच ठेवीत. कारण बुद्धी आणि स्मृती यांचे स्थान हृदय, अशी श्रद्धा होती. परलोकात ओसिरिसच्या न्यायसभेत या हृदयाचे वजन सत्यदेवता मातच्या पिसाशी करीत. पारडे विरुद्ध गेले, तर अम्मित ही राक्षसी हृदय गिळून टाकी आणि मग पुनर्जन्माची आशाच उरत नसे.

धोका होता तो हृदयाचाच. ज्याने सारे आयुष्य पाहिले, ते सत्य बोलून गेले तर? म्हणून हिरवट दगडाचा मोठा भुंगेरा छातीवर ठेवून त्याच्या तळावर ‘मृतांच्या ग्रंथा’तील ३०व्या प्रकरणाचा मंत्र कोरीत. त्यात मृत मनुष्य आपल्याच हृदयाला विनवितो, की माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

१७व्या राजवंशातील सोबेकेमसाफ राजाचा मानवी चेहऱ्याचा, सोन्यात बसविलेला असा भुंगेरा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इतरांची तोंडे आज्ञेने बंद करणाऱ्या राजालाही आपल्या हृदयाची मात्र विनवणीच करावी लागली.