घरच्या संगणकावरील विषाणू व कीड : शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

शाळेचे जनरल रजिस्टर आपण कपाटात कुलूपबंद ठेवतो. ते परक्याच्या हाती पडू नये, हे कोणाही मुख्याध्यापकास सांगावे लागत नाही. परंतु त्याच रजिस्टरातील नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक भरण्याचे काम आता पुष्कळ शिक्षक घरच्या संगणकावर करतात. नाणे, पवन किंवा आंदर मावळातील शाळा सुटल्यावर रात्री हे काम करीत बसणाऱ्या शिक्षकाच्या संगणकास कुलूप कोणते, याचा विचार म्हणूनच अगत्याचा आहे.

संगणकाचा विषाणू हा सजीव नव्हे. तो दुष्ट हेतूने लिहिलेला आज्ञांचा संच होय. तो एखाद्या फाइलीस चिकटून राहतो व ती फाइल कोणी उघडली म्हणजे कार्य करू लागतो. कीड मात्र एका संगणकावरून दुसऱ्यावर स्वतःच्या बळावर पसरते. भाताचा दाखला घ्यावयाचा तर, रोगट बियाणे शेतकरी आपल्याच हाताने वाफ्यात टाकतो. खोडकिड्याचा पतंग मात्र बांध ओलांडून आपण होऊन शेजारच्या खाचरात जातो. पहिल्यासाठी हात आवरावा लागतो. दुसऱ्यासाठी खाचराची निगा राखावी लागते.

ईमेलमधून येणाऱ्या उपद्रवात पुष्कळदा या दोहोंचा संयोग असतो. मे २००० मध्ये फिलिपाईन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना. पत्रासोबत प्रेमपत्राच्या नावाची एक फाइल असे. नावात ‘टीएक्सटी’ ही साध्या मजकुराची खूण दिसे. तिच्यामागील ‘व्हीबीएस’ ही खरी खूण अनेक संगणकांवर झाकलेली राही. फाइल उघडताच ती चित्रांच्या फाइली नष्ट करी व पत्त्यांच्या वहीतील सर्वांना त्याच व्यक्तीच्या नावाने पत्रे धाडी. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले दिसे, म्हणूनच लोक ते निःशंकपणे उघडीत.

दुसरा दाखला आपल्या जवळचा आहे. लोणावळ्याच्या घाटात कंटेनर वाहणारी वाहने आपण नित्य पाहतो. त्यांतील पुष्कळशी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराकडून येतात. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या किडीने या बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पाडले व मालाची चढउतार खोळंबली. ही कीड युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमार्गे बाहेर पडून जोडलेल्या संगणकांतून आपोआप पसरली होती. तिने वापरलेली विंडोजमधील एक फट बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांच्याकडे ती फट उघडीच राहिली.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. अनपेक्षित पत्रासोबतची फाइल, ती केंद्रप्रमुखांच्या नावाने आली तरीही, दूरध्वनीवर खात्री केल्याशिवाय उघडू नये. वरिष्ठांचे पत्र तत्परतेने उघडणे ही आपली सवय आहे. विषाणू लिहिणारा याच आज्ञाधारकतेचा लाभ घेतो.

२. फाइलीचे संपूर्ण नाव दिसेल अशी व्यवस्था करावी. शेवटी ‘ईएक्सई’, ‘जेएस’ किंवा ‘व्हीबीएस’ असल्यास ती उघडू नये. वर्ड वा एक्सेलच्या फाइलीने ‘मॅक्रो’ चालू करण्यास सांगितल्यास नकार द्यावा.

३. विंडोज व विषाणूरोधक सॉफ्टवेअर यांच्या सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे ध्यानात ठेवावे.

४. याद्या व गुणपत्रके यांची प्रत आठवड्यातून एकदा वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो लगेच काढून ठेवावा. जोडलेली प्रत मूळ फाइलीबरोबरच नष्ट होऊ शकते.

५. संशय येताच इंटरनेट तोडावे, दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदलावेत व ज्यांना आपल्या नावाने पत्रे गेली असतील त्यांना कळवावे. केंद्र शासनाच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची साधने विनामूल्य मिळतात. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

पालकांनी मुलांची माहिती विश्वासाने आपल्या स्वाधीन केली आहे. आलेले पत्र खरे की खोटे, हे विचारण्यात शिक्षकाने कमीपणा मानू नये. आणि असे विचारणाऱ्या शिक्षकावर वरिष्ठांनीही रागावू नये. एवढे दोन्हीकडून घडल्यास निम्मे संकट दारातच थांबेल.