माहिती चौकट : हार्मोन, मन आणि निर्णय

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन मुख्यतः अंडाशयात तयार होतात. त्यांचा परिणाम मेंदूवरही होतो.

• पाळीचे चक्र : साधारण 21 ते 35 दिवसांचे. अंडमोचनाआधी (अंडाशयातून बीज बाहेर पडण्याआधी) इस्ट्रोजेन वाढते, नंतर प्रोजेस्टेरॉन. पाळीच्या तोंडावर दोन्ही उतरतात.

• मनःस्थिती : प्रोजेस्टेरॉनपासून बनणारे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूतील ‘गाबा’ या शांतवणाऱ्या यंत्रणेवर काम करते. काही जणींना पाळीआधी चिडचिड, उदासी जाणवते. तीव्र प्रकार म्हणजे पीएमडीडी. 2013 पासून डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार आहे. पीएमडीडीमध्ये रक्तातील हार्मोनची पातळी सहसा सामान्यच असते, मेंदूचा प्रतिसाद वेगळा असतो. हा स्वभावदोष नाही. उपचार आहेत.

• ऑक्सिटोसिन : प्रसूतीकळा आणि स्तनपानाचे हार्मोन. ते विश्वास वाढवते, असे 2005 च्या प्रयोगात दिसले. पुढील प्रयोगांत ते पक्के ठरले नाही.

• निर्णय : पाळीच्या टप्प्यानुसार बौद्धिक चाचण्यांत ठोस फरक पडतो, असे 2025 च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात आढळले नाही. ‘त्या दिवसांत बाईचे डोके चालत नाही’ या समजाला आधार नाही.

• कुठे विचारावे : गावच्या आशाताई, कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, खालापूर तालुक्यात चौकचे ग्रामीण रुग्णालय. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस हेल्पलाइन 14416, विनामूल्य, मराठीतही.