कमी चाललेली आरएक्स-८ आणि आपलं भाबडं गणित

"जेमतेम चाळीस हजार मैल झालेत हो! आजोबांनी फक्त दुकानापर्यंत नेली-आणली." ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींपैकी कुणी जुनी माझ्दा आरएक्स-८ घ्यायचं मनात आणलं की हे वाक्य येतंच. विकणाऱ्याने ते म्हणावं हे समजू शकतं. पण ते घेणाराच सांगतो, आणि तेही लॉटरी लागल्यासारखं. वाक्याचा दुसरा भाग ऐकून खरं तर पाय मागे घ्यायला हवा.

गाडी कमी चालली म्हणजे इंजिन कमी झिजलं, हा हिशेब करोलाला बहुतेक वेळा चालून जातो. आरएक्स-८च्या इंजिनात पिस्टनच नाहीत. कमरेत किंचित दबलेल्या अंडाकृती घरात तिकोनी रोटर फिरतो. असे दोन रोटर. प्रत्येकाच्या तिन्ही टोकांना धातूची एकेक अरुंद पट्टी असते, तिला अपेक्स सील म्हणतात. ही पट्टी भिंतीला घासत फिरते आणि दाब धरून ठेवते. रोटरच्या बाजूंनाही सील असतात. सीलनी दाब सोडला की इंजिन संपलं, बाकी सगळं कितीही चकचकीत असो.

आता हे सील कशाने बिघडतात ते बघा. इंजिन थंड असताना त्याला पेट्रोल जास्त दिलं जातं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं. काजळी धरते, सील आपल्या खाचेत अडकू लागतात. इंजिन नीट तापलं आणि चांगलं पळवलं, तर काजळी साचायला वाव कमी मिळतो. पण आजोबांचं दुकान दीड मैलावर. म्हणजे गाडी थंड सुरू केली, तापायच्या आत बंद केली, तासाभराने पुन्हा तेच. चाळीस हजार मैल असे झाले असतील तर त्यात किती थंड सुरुवाती झाल्या, याचा भागाकार ज्याने त्याने करावा. दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी आरएक्स-८ दोन मिनिटं सुरू करून बंद केली, तर स्पार्क प्लग पेट्रोलने भिजतात आणि ती पुन्हा सुरूच होत नाही, हा तर या गाडीचा प्रसिद्ध नखरा.

मग जास्त चाललेली घ्यावी का? तसंही नाही! मैलांचा आकडा बाजूला ठेवून दाब मोजा, एवढंच म्हणणं आहे. आणि इथेही घोळ होतो. नाक्यावरचा मेकॅनिक नेहमीचा कॉम्प्रेशन गेज लावतो, एक आकडा वाचतो आणि "उत्तम" म्हणून सांगतो. रोटरला तीन बाजू असतात. साधा गेज तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा धरून बसतो. उरलेल्या दोन मेल्या असल्या तरी त्याला पत्ता लागत नाही. रोटरी इंजिनासाठीचं खास यंत्र प्रत्येक रोटरचे तीन, म्हणजे एकूण सहा आकडे देतं. कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे, स्टार्टर इंजिनाला मिनिटाला २५० फेरे देत असताना, दर चौरस सेंटिमीटरला ८.५ किलो हा नव्याचा दाब आणि ६.९ ही खालची मर्यादा. स्टार्टरचा वेग कमी-जास्त असेल तर आकडाही बदलतो, म्हणून कागदावर वेग लिहिलेला नसेल तर तो कागद निरुपयोगी.

यंत्राकडे जाण्याआधी एक फुकटची परीक्षा आहे. जुनी गाडी बघताना इंजिन थंडच असलं पाहिजे, हा सल्ला आपण सगळ्यांना देतो; इथे त्याच्या पुढे जायचं. वीसेक मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं विक्रेत्याशी हवापाण्याच्या गप्पा मारा आणि पुन्हा किल्ली फिरवा. दाब गेलेली आरएक्स-८ गरम असतानाच कुंथते. स्टार्टर बराच वेळ कण्हत राहिला तर नमस्कार करून निघावं.

यावर हमखास येणारं उत्तर: "जपानी गाडी आहे, नेटवरचे लोक उगाच घाबरवतात." अमेरिकेत खुद्द माझ्दाने २००४ ते २००८च्या मॉडेलसाठी इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा १ लाख मैल केली होती. कुठलीही कंपनी हौसेखातर असा खर्च अंगावर घेत नाही. ती मुदत कधीच उलटली. आता इंजिन उघडायचं म्हटलं तर बिल अनेकदा गाडीच्या किमतीच्या पुढे जातं. स्वस्त का मिळते, याचं उत्तर तिथेच आहे.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू. "ऑइल पिते, म्हणजे इंजिन गेलं." नाही, सील ओले राहावेत म्हणून एक पंप मुद्दाम ऑइल आत सोडतो, दर दोन टाक्यांना पातळी बघायची, हा या गाडीचा रिवाज. उलट "हिला ऑइल लागतच नाही" असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर काळजी करा.

"नऊ हजार आरपीएमला पिळलेली असणार." तो आकडा शाफ्टचा, रोटर त्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतो.

"१३०० सीसीच आहे, पेट्रोल कमी खाईल." कंपनीचाच अधिकृत आकडा शंभर किलोमीटरला ११ लिटरच्या आसपासचा आहे. जपान सरकारही करासाठी रोटरीची क्षमता दीडपट धरतं.

"ल मां जिंकलेलं इंजिन!" १९९१ साली जिंकलेल्या ७८७बीला चार रोटर होते. तत्त्व एक, वस्तू वेगळी.

"इंजिन लाइट लागलाय, कॉइलच असेल, शंभरभर पौंडांचं काम." कॉइल चार आहेत आणि त्या खरोखरच जातात. पण कमजोर कॉइलवर गाडी महिनोन्‌महिने चालवली असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो वितळून तुंबतो आणि उष्णता उलटी इंजिनावर येते. कॉइल कधी बदलल्या, याची पावती मागा.

गंजाचं मात्र कुणी विचारत नाही. मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दाराखालच्या पट्ट्या हाताने चाचपून बघा. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा सगळा इतिहास फुकट दिसतो. गंजाचे शेरे आणि दर वर्षीचे मैल, दोन्ही त्यात आहेत. वर्षाला पाचशे मैल अशी रांग दिसली, तर ते आजोबा खरे होते असं समजा.

आणि लॉगबुकवरची पहिल्या नोंदणीची तारीख. २३ मार्च २००६च्या आधीची असेल तर रोड टॅक्स वर्षाला चारशे पौंडांच्या थोडा वर. त्या दिवशीची किंवा नंतरची असेल तर तीच गाडी, तेच इंजिन, आणि सातशेच्या वर. दोन गाड्यांत मन अडकलं असेल तर आधी ही तारीख बघा, रंग नंतर.